जाणाऱ्याचा उजेड, राहणाऱ्याची रात्र

घरोघरी वीज पोचवण्यासाठी 'सौभाग्य' योजना 2017 साली सुरू झाली आणि महाराष्ट्रात आज बिनविजेचं घर शोधावं लागतं. पण शेतकऱ्याचं जगणं घराच्या चार भिंतींत मावत नाही. गोठा, वैरणीची खोली, कांद्याची चाळ, कोंबड्यांचं खुराडं, विहिरीवरचं पंपघर, हे सगळं घरापासून लांब, शेतात असतं. मीटर घराला असतो. तिथून गोठ्यापर्यंत खांब रोवून तार ओढायची तर खर्च परवडत नाही, आणि पंपासाठी आलेल्या थ्री-फेज लाइनचा पुरवठा पाळीपाळीने येतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो असेलच असं नाही. त्यामुळे कालपरवापर्यंत कंदील, चिमणी, बॅटरी आणि अलीकडे तोंडात धरलेला मोबाइल एवढ्यावरच गोठ्यातली रात्रीची कामं होत आली. आता छपरावर वहीच्या दोन पानांएवढं सौर पॅनेल, आत एक बॅटरी आणि आढ्याला टांगलेला पाच वॅटचा एलईडी एवढ्यात तो अंधार संपतो. या दिव्याबरोबर एक जुना धार्मिक प्रश्नही गोठ्यात शिरतो: उजेड करणं हे नेहमीच पुण्य असतं का? रात्रीवर माणसाखेरीज आणखी कुणाचा हक्क आहे का? माझं म्हणणं असं की गोठ्यात दिवा लागलाच पाहिजे आणि तो लावणं शक्य असताना न लावणं हा अधर्म आहे. पण तो दिवा आत जाणाऱ्या माणसाचा आहे. माणूस काम उरकून निघाला की तिथे राहणाऱ्यांची रात्र त्यांना परत मिळाली पाहिजे.

यातला पहिला भाग आधी नीट सांगायला हवा, कारण दिवाबत्तीची सोय असलेल्या खोलीत बसून रात्रीचं माहात्म्य गाणं सोपं आहे. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. हे मृत्यू बहुतेक खेड्यांतले आहेत आणि त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मोठे विषारी साप. त्यांतली मण्यार तर रात्रीचीच, आणि घोणस वैरणीच्या ढिगाशी, बांधाच्या गवतात अशी पडून असते की पाय पडेपर्यंत कळत नाही. गोठ्यात धान्य सांडतं, धान्याला उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. विंचवाची गोष्ट कोकणाला वेगळी सांगायला नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले ते वैद्यकाच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. पण औषधाची वेळ दंशानंतर येते, आणि पाय ठेवायची जागा दिसणं ही त्याच्या आधीची गोष्ट. पहाटे चारला चरवी घेऊन गोठ्यात शिरणाऱ्या बाईला ती जागा दिसत नसेल, तर अंधार तिच्या आत्म्याला शांती देतो वगैरे बोलणं हा तिच्या जिवाशी खेळ आहे. रॉकेलच्या चिमणीचंही तसंच. तिचा उजेड जेमतेम वीतभर, काजळी मात्र थेट फुप्फुसात, आणि बाजूला कडब्याची गंज. तेव्हा 'ज्याच्या गोठ्यात अजून दिवाच नाही त्याला रात्रीचं महत्त्व काय सांगता?' हा आक्षेप मी पुरता मान्य करतो. आधी दिवा. पुढचं सगळं लिहितो आहे ते दिवा आला हे धरून.

आता दिवा कशासाठी, हे ठरवायला एक जुनं माप आपल्याकडे आहे आणि ते गोठ्याला आश्चर्य वाटावं इतकं चपखल बसतं. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जनक राजा याज्ञवल्क्याला विचारतो की माणसाचा उजेड कोणता. याज्ञवल्क्य म्हणतो, सूर्य. सूर्य मावळल्यावर? चंद्र. चंद्रही मावळल्यावर? अग्नी. अग्नीही विझल्यावर? वाणी, कारण स्वतःचा हात दिसेनासा झाला तरी जिथून आवाज येतो तिकडे माणूस जाऊ शकतो. आणि वाणीही थांबली की? मग आत्मा हाच त्याचा उजेड. तत्त्वज्ञानाच्या वर्गात सगळं लक्ष शेवटच्या उत्तराकडे जातं आणि आधीच्या पायऱ्या चढून झाल्यावर ढकलून देण्याच्या शिडीसारख्या वागवल्या जातात. पण त्या प्रत्येक पायरीवर याज्ञवल्क्य एकच गोष्ट पुन्हा सांगतो, आणि उपनिषदात पुनरुक्ती उगाच येत नाही. या उजेडाने माणूस बसतो, बाहेर जातो, काम करतो आणि परत येतो, असं तो दर वेळी म्हणतो. उजेडाची व्याख्या इथे झगमगाटावरून, सौंदर्यावरून किंवा मांगल्यावरूनही केलेली नाही. माणसाला चार गोष्टी करता आल्या की उजेड आला. त्यांतही शेवटची गोष्ट परत येणं ही आहे. सर्पदंशाचे आकडे डोळ्यांसमोर असले की हे चौथं क्रियापद वाचताना थांबायला होतं. आणि सर्वांत पहिलं क्रियापद बसणं आहे, काम त्यानंतर येतं, हेही विसरू नये. गोठ्यात दिवा आला म्हणून घरातल्या बाईच्या अंगावर रात्री नऊनंतरचं आणखी एक काम आलं, तर त्या दिव्याने तिचा धोका कमी केला आणि दिवस लांबवला असं होईल. जनाबाईच्या जात्यावर विठ्ठल दळायला बसतो ही कथा महाराष्ट्राने शेकडो वर्षं जपली, कारण पहाटेच्या अंधारातलं बाईचं कष्टाचं काम देवालाही बघवू नये इतकं जड आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तिचं दळण वाढवण्यासाठी देव आला असं कुणी सांगितलेलं नाही.

याज्ञवल्क्याच्या या क्रमात सौर दिव्याने एक नवी गोष्ट केली आहे. त्याच्या मांडणीत सूर्य मावळला की माणूस खालच्या पायरीवर उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर उजेड मंद होत जातो. आता दिवसभरात पॅनेलवर पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा वीज होऊन बॅटरीत बसतो आणि मावळलेला सूर्य तिसऱ्या पायरीवर, अग्नीच्या जागी पुन्हा हजर होतो. निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या पुटाची मात्रा देऊनच आजचा पांढरा दिवा बनतो. अग्नीच्या उजेडाला एक अंगभूत मर्यादा होती. तेल संपायचं, वात काजळायची, विझवल्याशिवाय झोपणं धोक्याचं असायचं. म्हणून दिवा मालवणं हे दिवा लावण्याइतकंच रोजचं काम होतं. सौर दिव्याने ही सक्ती काढून घेतली. बाजारात सर्वांत सहज मिळणारे दिवे अंधार पडला की आपोआप लागतात आणि उजाडलं की आपोआप विझतात, माणूस गोठ्यात असो वा नसो. जी मर्यादा पूर्वी तेलाने घातली होती ती आता माणसाने स्वतः घालायची आहे. संयमाचा प्रश्न धर्माच्या कक्षेत येतो तो असाच, बाहेरचा अडसर निघाल्यावर.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप धर्माकडूनच येतो. अंधारातून उजेडाकडे नेण्याची प्रार्थना याच बृहदारण्यकात आहे. जगातला बहुतेक प्रत्येक धर्म अंधाराला अज्ञान, पाप, मृत्यू यांच्या पंक्तीत बसवतो. आषाढी अमावस्येला आपण घरातले दिवे घासूनपुसून पूजतो. मग अंधार राखून ठेवा असं म्हणणं हे परंपरेच्या विरुद्ध जाणं नाही का? मला हा आक्षेप अर्धा खरा वाटतो. आत्म्याच्या अंधाराविषयी जे बोललं गेलं ते आत्म्याच्या अंधाराविषयीच आहे. रात्रीविषयी परंपरा काय म्हणते ते वेगळं पाहावं लागतं, आणि ते फार वेगळं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 127 वं सूक्त रात्रीचं आहे. तिथे रात्र ही देवी आहे, असंख्य डोळ्यांनी पाहणारी. ती आली की गावं विसावतात, पायांचे आणि पंखांचे सगळे जीव घरी जातात, ससाणेसुद्धा. लांडगा आणि चोर दूर ठेव अशी विनवणी त्या रात्रीलाच केली आहे, आणि स्तोत्र तिच्यापुढे आणलं आहे ते गाई हाकून आणाव्यात तसं. याच सूक्तात काळोख नकोसा आहे, उषेने तो कर्ज फेडावं तसा फेडून टाकावा असंही म्हटलं आहे, हे मी लपवत नाही. म्हणजे त्या ऋषीला दोन्ही माहीत होतं. दाटून आलेला काळोख भीतीचा आहे आणि तरीही रात्र पूज्य आहे. कुराणातल्या अल-कसस या सूरेत हा तोल आणखी स्पष्ट येतो. ईश्वराने कायमची रात्र केली तर तुम्हाला उजेड कोण आणून देणार, असं तिथे विचारलं आहे, आणि लगेच पुढे, त्याने कायमचा दिवस केला तर विसाव्यासाठी रात्र कोण आणून देणार, असंही विचारलं आहे. त्या काळात कायमचा दिवस ही केवळ कल्पना होती. आज प्रत्येक गोठ्याच्या पुरता तो परवडणाऱ्या किमतीत मिळतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं वजन आपल्या पिढीवर जास्त पडतं.

गोठ्यात राहतं कोण? आधी गाय. तिच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून अंधारात बॅटरी मारली की तिचे डोळे चमकतात. या थरामुळे आपल्याला काही दिसत नाही अशा उजेडातही तिचं भागतं. गव्हाण कुठे आहे, वासरू कुठे बांधलं आहे हे कळायला तिला दिवा लागत नाही. गोठ्यातला दिवा ही सर्वस्वी माणसाची गरज आहे हे एकदा कबूल केलं की पुढचा विचार सरळ होतो. गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते, त्यातला बराच वेळ रवंथात आणि डुलकीत जातो. खरी झोप जेमतेम चार तासांची, तीही तुकड्यातुकड्यांत. उजेड-अंधाराचं चक्र तिच्या शरीरात मेलॅटोनिन या स्रावातून मोजलं जातं आणि तिचं दूध, तिची वाढ, तिचं माजावर येणं या मोजणीशी बांधलेलं असतं. हे माहीत झाल्यावर माणसाने काय केलं? अमेरिकेत 1970च्या दशकात प्रयोग झाले. दिवसाचे सोळा तास भरपूर उजेडात ठेवलेल्या गाई जास्त दूध देतात असं दिसलं, पुढच्या प्रयोगांत ही वाढ दिवसाला सुमारे दोन लिटर भरली. इथे शेतकऱ्याच्या बाजूने एक रास्त प्रश्न येतो: दोन लिटर दूध म्हणजे गरिबाच्या घरात रोजचे पैसे, मग दिवा रात्रभर जळाला तर बिघडलं काय? पहिलं उत्तर व्यवहाराचं आहे. त्या प्रयोगांना लागणारा उजेड दीडशे लक्सच्या पुढचा असतो. पाच वॅटचा दिवा मध्यम आकाराच्या गोठ्यात त्याचा लहानसा अंशच देतो. शिवाय ते प्रयोग जिथे झाले तिथला हिवाळ्यातला दिवस फार आखूड असतो, आपल्याकडे सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास भरतो. म्हणजे रात्रभर दिवा ठेवून ते दूध मिळत नाहीच. दुसरं उत्तर त्याच संशोधनातून येतं आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. चोवीस तास उजेड ठेवला तर वाढीव दूध टिकत नाही, गाईला सलग सहा-आठ तासांचा अंधार लागतोच. आणि आटवलेल्या, म्हणजे विण्याआधीच्या दोन महिन्यांतल्या गाईला उलट लांब रात्री मिळाल्या तर पुढच्या वेताला ती जास्त दूध देते. पिळून घेण्याच्या हेतूने सुरू केलेली तपासणीसुद्धा शेवटी अंधाराच्या वाट्यापाशी येऊन थांबली.

एका लहान दिव्याने गाय आजारी पडेल असा दावा मी करत नाही. माझा मुद्दा तिच्या तक्रारीवर उभा नाही, कारण ती तक्रार करूच शकत नाही. जो मागू शकत नाही त्याचं देणं कसं ठरवायचं, हा आपल्या धर्मविचारातला फार जुना आणि फार गंभीर विषय आहे. गृहस्थाने रोज करायच्या पाच महायज्ञांत एक भूतयज्ञ आहे. घरात शिजलेल्या अन्नातला घास कावळ्याला, गाईला, मुंगीकिड्याला द्यायचा. तो त्यांनी मागितला म्हणून द्यायचा नसतो. तो त्यांचाच होता आणि आपण तो आपल्या ताटात घेतला, ही त्यामागची समजूत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर देवांनी दिलेलं परत न देता भोगणाऱ्याला सरळ चोर म्हटलं आहे. वसुबारसेला, आश्विन वद्य द्वादशीला, अनेक घरांतल्या बायका गाय-वासराची पूजा करतात आणि त्या दिवशी दूध-दुभतं खात नाहीत. एक दिवस तरी दूध ज्याचं त्याच्यासाठी राहावं हा त्यातला साधा न्याय. आजवर या हिशेबात अंधार कधी आला नाही, कारण तो संपेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. अन्न माणसाच्या हातात होतं म्हणून त्याचा वाटा काढावा लागला. आता रात्रही माणसाच्या हातात आली आहे, तेव्हा तिचाही वाटा काढावा लागेल.

गाईखेरीज आणखीही कुणी तिथे असतं. दिव्याभोवती जमणाऱ्या चिलटा-पाकोळ्यांकडे आपण त्रास म्हणून पाहतो. जैन आचार्यांनी त्यांच्याकडे जीव म्हणून पाहिलं, आणि रात्रिभोजन वर्ज्य करताना दिलेल्या कारणांत हेही एक आहे की दिव्याकडे किडे येतात आणि मरतात. केवळ अंधारात जेवू नका एवढंच ते सांगणं नाही. दिवा लावून जेवण्यातही हिंसा आहे, इतक्या बारकाईने तो विचार गेला आहे. दिव्यावर झेप घेणारा पतंग आपल्या कवितेत प्रेमाने जळतो, गीतेच्या अकराव्या अध्यायात नाशाकडे धावतो. 2024 साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने मात्र वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून दाखवलं की रात्री उडणारे कीटक उजेडाकडे ओढले जात नाहीत. रात्रीचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून ते आपली पाठ सदैव उजळ बाजूकडे ठेवतात. दिवा लागला की त्यांच्या लेखी आकाश दिव्याच्या जागी येतं, त्यांचं शरीर सतत तिकडे कलतं आणि ते गरगरत अडकतात. पतंगाला मोह झालेला नसतो, आपण त्याची वरची दिशा हलवलेली असते. मे-जूनमध्ये अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीला आणि भंडारदऱ्याला काजवे पाहायला माणसं लोटतात. तिथल्या नर काजव्याची चमक ही मादीला दिलेली हाक असते आणि शेजारी दिवा असला तर ती हाक बुडते. उजेड पिवळसर ठेवला, तो खाली वळवला आणि नेमकेपणाने लावला तर हे नुकसान पुष्कळ कमी होतं. पण बाजारात स्वस्त आणि 'जास्त उजेडाचा' म्हणून विकला जातो तो निळसर पांढरा दिवा, कीटकांना सर्वांत जास्त फसवणारा.

बिबट्याचं काय, हे जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात कुणीही विचारील, आणि विचारायलाच हवं. रात्रभर दिवा असला तर बिबट्या येत नाही ही समजूत घट्ट आहे. या बाबतीत केनियातला एक अनुभव डोळे उघडणारा आहे. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाच्या घरची जनावरं सिंह मारत. त्याने आधी आग पेटवून पाहिली, तर त्या उजेडात सिंहांना गोठ्यातलं उलट नीट दिसू लागलं. मग बुजगावणं उभं केलं. ते पहिल्या रात्री चाललं, दुसऱ्या रात्री हे हलत नाही हे सिंहांनी ओळखलं. एका रात्री तो स्वतः बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरला तेव्हा सिंह फिरकले नाहीत. त्यावरून त्याने सौर पॅनेलवर भरणारी बॅटरी आणि बाहेरच्या बाजूला आळीपाळीने लुकलुकणारे दिवे अशी रचना केली, माणूस फिरतो आहे असं वाटावं अशी. 2013 साली त्याने ती टेड परिषदेत जगापुढे मांडली. जनावराला भय वाटलं ते उजेडाचं नव्हे, ये-जा करणाऱ्या माणसाचं. याज्ञवल्क्याच्या चार क्रियापदांतलं जाणं आणि परत येणं इथे सिंहालाही कळलं आहे. तेव्हा बिबट्याच्या मुलखात दार-जाळीचा बंदिस्त गोठा हा पहिला उपाय, गरज असेल तर बाहेर तोंड केलेला लुकलुकता दिवा हा दुसरा. आत स्थिर दिवा जळत ठेवल्याने गाईंची रात्र जाते आणि बाहेरच्याला आतलं दिसतं.

राहिला तो ऊन फुकट आहे हा मुद्दा. सूर्य कुणाकडे बिल पाठवत नाही, मग त्याचा उजेड रात्रभर सांडला तर कुणाचं काय गेलं? सूर्याचं काही जात नाही हे खरं. पण दिव्यातली बॅटरी सूर्याने केलेली नाही. स्वस्त संचांत अजूनही शिशाची बॅटरी असते. ती रोज तळापर्यंत उतरवली की दोन-तीन वर्षांत मरते आणि भंगारात जाते. भंगारातून ती कुणाच्या तरी अंगणातल्या भट्टीवर वितळवली जाते. युनिसेफच्या 2020 सालच्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर आहे, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली. त्यामागच्या मोठ्या कारणांत अशा भट्ट्या आहेत. वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम 2022 पासून आपल्याकडे आहेत, ते गावातल्या दुकानापर्यंत पोचायचे आहेत. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी जास्त टिकते, तिच्यात शिसं नसतं, किंमत मात्र चढी. कुणाच्याही बाजूने पाहिलं तरी बिनकामाचा जळालेला प्रत्येक तास बॅटरीच्या आयुष्यातून वजा होतो, आणि तो हिशेब शेवटी दुसऱ्याच्या मुलाच्या रक्तात लिहिला जातो. ऋण ही कल्पना ज्या संस्कृतीने माणसाच्या जन्माशी जोडली तिला हे ऋण दिसायला अडचण पडू नये.

आणि यात दिवा वापरणाऱ्याचंही हित आहे, हे आकड्यांनीच दिसतं. दहा वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चाळीस-पन्नास वॅट-तास वीज देतं, श्रावणातल्या ढगांत निम्म्याहून कमी. पाच वॅटचा दिवा संध्याकाळपासून उजाडेपर्यंत जळला तर साठ वॅट-तास लागतात, म्हणजे चांगल्या दिवशीही तो रात्र पुरी करत नाही. पावसाळ्यात तर तो मध्यरात्रीच मान टाकतो, आणि पहाटे चारला धार काढायच्या वेळी, साप निघण्याच्या दिवसांत, गोठा पुन्हा काळोखात असतो. तोच दिवा फक्त कामापुरता, सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास लावला तर दहा वॅट-तासांत भागतं आणि तीन दिवस आभाळ झाकलेलं राहिलं तरी उजेड हाताशी असतो. गाय विणार असेल त्या रात्री हीच राखलेली वीज पहाटेपर्यंत पुरते. त्या रात्री दिवा सलग जळला तरी माझी काही हरकत नाही, कारण माणूसही तिथेच बसलेला असतो. हालचाल टिपून आपोआप लागणारा दिवा हा शहाणा उपाय वाटतो, पण गोठ्यात तो चालत नाही. असे दिवे शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतात आणि गाईने कूस बदलली तरी पेटतात. गोठ्याला दाराशी, हाताला लागेल अशा उंचीवर ओढायची दोरी किंवा साधं बटण हवं. ग्रामपंचायती, दूध संघ आणि दानशूर मंडळी असे दिवे घाऊक घेतात तेव्हा वॅट किती, ल्युमेन किती, हमी किती वर्षांची एवढं विचारतात. त्यांनी याखेरीज तीन गोष्टी मागाव्यात: दिवा हाताने बंद करता यावा, त्याचा रंग पिवळसर असावा आणि मेलेली बॅटरी परत घेणारा माणूस त्याच तालुक्यात असावा.